ल्होता, पण नक्की कुठली? एका चेक गावाच्या शोधाचं प्रकरण

आधीच सांगते, हे आमच्या घरातलंच प्रकरण आहे. माणसांची नावं काढलीयेत, गावाच्या नावाचा दुसरा शब्द गाळलाय आणि काही तपशील मुद्दाम ढोबळ ठेवलेत, कारण सासरच्यांनी "लिही, पण आम्ही ओळखू येता कामा नये" या अटीवरच परवानगी दिली.

पार्श्वभूमी

मी चेक देशातल्या ब्रनो शहरात राहते, नवरा चेक आहे. सासऱ्यांना ८० पूर्ण होणार होती आणि उन्हाळ्यात सगळा गोतावळा जमणार होता. भेट काय देऊ विचारलं तर म्हणाले काही नको, "आपल्या गावावर" एक छोटी पुस्तिका करा, गाव कुठे आहे, कसं वसलं, आपलं घर कुठलं, एक जुना नकाशा, बस. आठेक पानं. काम माझ्या गळ्यात पडलं कारण मी ऑफिसात दिवसभर डॉक्युमेंटेशनच लिहिते आणि घरच्यांच्या मते लिहिणं म्हणजे लिहिणं. हातात चार महिने होते. मला वाटलं चार वीकेंडचं काम आहे.

गंमत म्हणजे "आपलं गाव" सासऱ्यांनी स्वतः कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांचे आजोबा तरुणपणी ब्रनोच्या कापड गिरणीत आले आणि इथलेच झाले. ब्रनोला तेव्हा मोराव्हियाचं (म्हणजे चेक देशाच्या पूर्व भागाचं) मँचेस्टर म्हणायचे, आजूबाजूच्या डोंगराळ भागातून माणसं गिरण्यांत यायची, आपल्याकडे कोकणातून गिरणगावात यायची तशी. गावाशी संबंध त्या एका पिढीतच सुटला.

हातात काय होतं

तीन गोष्टी. एक म्हणजे आजोबांचा १९१२ चा दोमोव्स्की लिस्ट, म्हणजे अमुक माणूस अमुक गावचा हक्काचा रहिवासी आहे असा दाखला. त्यावर गाव लिहिलेलं "ल्होता", आणि जिल्ह्याचं नाव होतं नेमकं घडीवर, कागद तिथेच झिजलेला, वाचता यायचं फक्त "...की ब्रोड". दुसरी, एका प्रार्थनेच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीनं "क्र. १४". तिसरी, सासऱ्यांच्या आत्याने सांगितलेली आठवण, की घरासमोर तळं होतं आणि तळ्याकाठी छोटं चॅपल.

तळं आणि चॅपल ही खूण म्हणजे आपल्याकडे "गावात मारुतीचं देऊळ आहे आणि पार आहे" असं सांगण्यासारखी. बहुतेक चेक गावांत मधोमध नावेस असतो, म्हणजे गावची मोकळी जागा, तिथे एक तळं (आग लागली तर पाणी हवं म्हणून), एक चॅपल, एक लिंडेनचं झाड, नशीब असेल तर बिअरचं दुकान आणि फायर ब्रिगेडची शेड. यावरून गाव ओळखणं अशक्य.

अडचण

नाव ही तर त्याहून मोठी अडचण. चेक देशात ल्होता नावाची गावं तीनशेच्या वर आहेत, नुसती ल्होता, नाहीतर पुढेमागे काहीतरी लावलेली. कुणी म्हणालं "आम्ही वडगावचे" तर आपण लगेच विचारतो ना, मावळ, शेरी की बुद्रुक, तसंच. चेक ल्होता आणि स्लोव्हाक लेहोता यांचं तर दरवर्षी संमेलन भरतं, इतक्या आहेत.

इतक्या का, हे कळल्यावर मला जाम मजा वाटली. तेराव्या-चौदाव्या शतकात जमीनदार आणि मठ जंगल तोडून नवी गावं वसवत होते, आणि येणाऱ्या कुळांना काही वर्षं सारा माफ असायचा. त्या मुदतीलाच ल्होता म्हणायचे, आजच्या चेकमध्ये मुदतीला ल्हूता म्हणतात तो तोच शब्द. म्हणजे आपल्याकडचा कौल-इस्तावा! पडीक जमीन लागवडीला आणली की पहिली काही वर्षं सारा नाही किंवा अगदी थोडा, मग चढता. फक्त आपल्याकडे ती सवलत दप्तरात राहिली आणि त्यांच्याकडे तिचंच गावाला नाव पडलं. मग वेगळं ओळखायला पुढे काहीतरी जोडायचं, मोठी ल्होता, छोटी ल्होता (आपले बुद्रुक-खुर्दच), ओव्हेस्ना ल्होता म्हणजे ओटची, कामेन्ना ल्होता म्हणजे दगडांची. या शेवटच्या दोन्ही खऱ्या आहेत, पण आमची त्यातली नाही.

पहिला निर्णय, तोच चुकला

"...की ब्रोड" म्हणजे काय? नकाशावर शोधलं तर चेस्की ब्रोड सापडलं, प्रागच्या पूर्वेला, मेन रेल्वे लाइनवर. दीर म्हणाला झालं, हेच. त्या बाजूला एक ल्होता पण निघाली. अगदी चेस्की ब्रोडची म्हणता येणार नाही अशी, जरा लांबच होती, पण तेव्हा सगळ्यांना उत्साह चढलेला. शनिवारी दोन गाड्या भरून गेलो.

गाव छान होतं. तळं होतं, चॅपल होतं. आणि गावाच्या टोकाला एका घरावर १४ नंबरची पाटी! सासरे पाटीसमोर उभे राहिले, टोपी काढली, फोटो झाले. मी तिथे नव्हते असं नाही, मी पण टाळ्या वाजवल्या. एक आजोबा कुंपणाशी आले, त्यांनी आडनाव ऐकून मान हलवली, असं कुणी इथे कधी ऐकलं नाही म्हणाले. आम्ही म्हटलं शंभर वर्षांपूर्वीचं तुम्हाला काय आठवणार. रात्री दिराने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि सोमवारी त्या फोटोचे वीस कॉफीचे मग छापायला दिले.

मला खटकलं ते दोन दिवसांनी, फोटो मोठा करून बघताना. पाटीवर १४ च्या आधी बारीक अक्षरांत "एव्ह." होतं. चेक गावात घरांचे दोन प्रकारचे क्रमांक असतात. एक "पोपिस्ने", म्हणजे कायम राहत्या घराचा. हे क्रमांक ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेझा राणीच्या काळात (चेक भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होता), १७७०-७१ मध्ये, सैन्यभरतीसाठी घरं मोजताना पहिल्यांदा दिले गेले. दुसरा "एव्हिदेन्च्नी", सुट्टीसाठी बांधलेल्या छोट्या घरांचा, त्याची मोजणी वेगळी, एकपासून सुरू होते. आम्ही ज्या घरासमोर टोपी काढली ते कुणाचं तरी १९७० च्या दशकातलं वीकेंडचं घर होतं!

पुढे काय करायचं

तीन वाटा होत्या. गप्प बसायचं, कॉफीचे मग छापून झाले होते, सासरे खूश होते, कुणाला कळलं नसतं. नवऱ्याचं मत जवळजवळ हेच होतं, म्हणाला वाढदिवस आहे, पीएचडी नाही. दुसरी वाट, पैसे देऊन वंशावळ शोधणारा माणूस लावायचा, इथे असे व्यावसायिक लोक आहेत. पण वेळ कमी, आणि "ल्होता शोधा" एवढ्या माहितीवर त्याचे तास किती लागतील याचा अंदाज येईना. तिसरी, स्वतः नीट करायचं, पण उलट्या दिशेने, म्हणजे गावाकडून माणसाकडे येण्याऐवजी माणसाकडून गावाकडे जायचं.

मी तिसरी घेतली, आणि एक गोष्ट ठरवून केली, सासऱ्यांना लगेच सांगितलं. दिराला ते आवडलं नाही. पण चुकीच्या गावाचा इतिहास लिहून मी त्यांच्या हातात देणार नव्हते, आणि नंतर कळलं असतं तर जास्त लागलं असतं. सासरे दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "मग मी कुणाच्या घराला टोपी काढली?" आणि हसायला लागले.

एक लग्नाची नोंद

आम्हाला नक्की काय माहीत होतं? आजोबांचं लग्न ब्रनोत झालं, १९०८ च्या सुमारास. चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्यांना मात्रिका म्हणतात. सम्राट जोसेफ दुसऱ्याने १७८४ मध्ये त्यांचा नमुना ठरवून दिला, रकाने पाडले, गावागणिक वह्या वेगळ्या केल्या. जुन्या मात्रिका आता सरकारी अर्काइव्हजकडे आहेत आणि स्कॅन करून ऑनलाइन टाकल्यात, फुकट. मोराव्हियाच्या वह्या ब्रनोच्या मोराव्हियन अर्काइव्हच्या "आक्टा पब्लिका"वर मिळतात. घरी बसून, चहा पीत. हे आम्ही पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी नोंद सापडली. अक्षर जर्मन कुरेंट, म्हणजे हाताने लिहायची जुनी जर्मन लिपी. मोडी पहिल्यांदा बघताना जसं वाटतं तसं, सगळे काने-वेलांट्या एकमेकांत गुंतलेले, ई आणि एन सारखेच दिसतात. एका ओळीवर चाळीस मिनिटं घालवली. पण त्या ओळीत सगळं होतं: नवरामुलगा अमुक गावी जन्मला, "हक्काने ल्होताचा", वडील ल्होता क्र. १४ मधले छोटे शेतकरी, जिल्हा डॉइचब्रोड.

डॉइच म्हणजे जर्मन, चेकमध्ये नेमेत्स्की. नेमेत्स्की ब्रोड! "...की ब्रोड" ते हे. आणि आम्हाला ते नकाशावर का दिसलं नाही, तर १९४५ मध्ये जर्मन हा शब्द कुणालाच नको होता, तेव्हा शहराचं नाव बदलून हाव्लिच्कूव्ह ब्रोड केलं, कारेल हाव्लीचेक बोरोव्स्की या पत्रकार-कवीच्या नावावरून. मोराव्हियाच्या टोकाला उहेर्स्की ब्रोड म्हणून अजून एक आहे, म्हणजे तीन-तीन शक्यता होत्या आणि आम्ही आजच्या नकाशावर पहिलं दिसलं ते उचललं. नवऱ्याने मग दाखला खिडकीच्या काचेला लावून बघितला तर "की"च्या आधीचा अर्धा गोल चक्क दिसत होता, "स"चा नाही, "त्स"चा.

दुसरी गोष्ट त्या ओळीत अशी की जन्मगाव वेगळं आणि हक्काचं गाव वेगळं. यावर घरात बराच वाद झाला म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑस्ट्रियाच्या राज्यात प्रत्येक माणूस कुठल्यातरी एका गावचा "हक्काचा" असायचा, आणि तो हक्क वडिलांकडून मुलाला यायचा, बायकोला नवऱ्याचा. म्हातारपणी, आजारपणी, गरिबीत सांभाळायची जबाबदारी त्या गावाची. म्हणून शहरात कुणी निराधार सापडला तर त्याला पकडून त्याच्या हक्काच्या गावी पोचवून द्यायचे, मग त्याने ते गाव जन्मात पाहिलेलं नसलं तरी. १८९६ च्या कायद्याने दहा वर्षं एका जागी राहिलेल्याला तिथला हक्क मागता यायला लागला, तो लागू झाला १९०१ पासून. ही पद्धत पार १९४८ च्या शेवटापर्यंत चालली. म्हणजे दाखल्यावरचं गाव हे जन्मगाव असेलच असं नाही, आणि आमच्या केसमध्ये नव्हतंच. आजोबांचे वडील मेंढ्या राखायला दुसरीकडे गेले होते, आजोबा तिथे जन्मले.

मग पुस्तिका कुठल्या गावाची? दीर म्हणाला जन्मगावाची. सासरे म्हणाले, नाही, माझ्या आत्याला आठवत होतं ते ल्होता. ल्होता ठरलं, जन्मगावाला अर्धं पान.

गाव कसं आहे

भाग विसोचिना, म्हणजे उंचवटाच. बोहेमिया (देशाचा पश्चिम भाग) आणि मोराव्हियाची जुनी हद्द याच भागातून जाते, आणि पाण्याची हद्द पण साधारण त्याच बाजूने. साझावा नदीचं पाणी व्ल्टावातून एल्बेत आणि मग उत्तर समुद्रात जातं, थोडं पलीकडे यिह्लावा नदीचं पाणी डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात. आमची ल्होता बोहेमियाच्या बाजूची. हे महत्त्वाचं का, तर हद्दीच्या अलीकडच्या वह्या झाम्र्स्कच्या अर्काइव्हमध्ये आणि पलीकडच्या ब्रनोत. चुकीच्या अर्काइव्हमध्ये महिनाभर शोधत बसता येतं.

थंडी जास्त, माती पातळ, दगड भरपूर. गहू फारसा खुलत नाही, पूर्वी राय, ओट आणि अळशी, नंतर बटाटा. हाव्लिच्कूव्ह ब्रोडला बटाट्याची संशोधन संस्थाच आहे. गाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर, कायम राहणारी तीसेक माणसं, बाकी घरं खालुपार्श लोकांची, म्हणजे प्राग-ब्रनोहून शुक्रवारी येणारे आणि रविवारी रात्री जाणारे. स्वतंत्र पंचायत नाही, शेजारच्या गावाला जोडलेलं.

नकाशाने मात्र आनंद दिला. १८१७ च्या फर्मानाने ऑस्ट्रियाने सगळ्या जमिनीची मोजणी काढली, बोहेमियाची प्रत्यक्ष मापणी १८२६ ते १८४३ च्या दरम्यान. प्रमाण १:२८८०. हा विचित्र आकडा कुठून आला तर नकाशावरचा एक चौरस इंच म्हणजे जमिनीवरचा बरोबर एक यित्रो, तेव्हाचं जमिनीचं माप, साधारण ०.५८ हेक्टर. हाताने रंगवलेले नकाशे आहेत, लाकडी घरं पिवळी, दगड-विटांची लाल. आगीच्या दृष्टीने ते महत्त्वाचं. आमच्या ल्होतात लाल ठिपका एकच, बाकी सगळं गाव पिवळं. आणि प्रत्येक पिवळ्या घरामागून एकेक अरुंद पट्टा निघून थेट जंगलापर्यंत गेलेला, कंगव्याच्या दातांसारखा. जंगल तोडून वसवलेल्या गावाची ही खूण, प्रत्येक कुळाला आपल्या दारापासून मागे सरळ एक पट्टा.

पण त्या रंगीत नकाशावर घरांचे क्रमांक नसतात. मालकाचं नाव आणि घरक्रमांक बघायला मोजणीदारांचे कच्चे आराखडे काढावे लागतात, बोहेमियाचे प्रागच्या राष्ट्रीय अर्काइव्हकडे. तिथे क्र. १४ सापडलं, तळ्याच्या वरच्या अंगाला, आडनावासकट. सासऱ्यांनी त्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि तळ्यापासून जंगलापर्यंत हळूहळू नेलं, परत आणलं, परत नेलं. आजच्या सॅटेलाइट फोटोत तिथे एकही पट्टा नाही. १९४९ नंतर सहकारी शेती आली, बांध नांगरले गेले, आता एकच अजस्र शेत आहे, मोहरीसारख्या पिवळ्या फुलांचं.

इतिहास लिहिताना झालेली ओढाताण

दोन ठिकाणी अडलं. पहिलं, दिराला "स्थापना" हवी होती, वर्षासकट, मोठ्या अक्षरात. कागदावर गावाचा पहिला उल्लेख चौदाव्या शतकातला आहे, पण तो जमीन विकल्याच्या कागदात, म्हणजे गाव आधीपासून होतं. उल्लेखाचं वर्ष म्हणजे वसल्याचं वर्ष नव्हे. इथल्या बऱ्याच गावांच्या पाट्यांवर पहिल्या उल्लेखाचाच वाढदिवस साजरा होतो. मी "पहिला लेखी उल्लेख" असंच लिहिलं.

दुसरं जास्त नाजूक. तीस वर्षांचं युद्ध १६४८ मध्ये संपलं, बोहेमियात कितीतरी शेतं ओसाड पडली होती, तेव्हा सारा कुणाकडून घ्यायचा हे बघायला १६५४ मध्ये बेर्नी रुला नावाची यादी झाली, गावोगावच्या शेतकऱ्यांची नावं तिच्यात आहेत. आमच्या ल्होतात आमचं आडनाव आहे! सासरे खुर्चीतून उठले. ३७० वर्षं एकाच गावात!

पण मी मधल्या वह्या चाळल्या होत्या. १७६० च्या दशकात त्या घरातला माणूस वारला आणि त्याच्या विधवेशी दुसऱ्या गावच्या एकाने लग्न केलं. त्याचं आडनाव वेगळं. तो शेतीवर आला आणि पुढच्या नोंदींत त्याला घराच्याच नावाने लिहायला लागले, आधी "ऊर्फ" लावून, मग नुसतंच. तेव्हा हे सर्रास चालायचं, आडनाव माणसाचं नसून छपराचं असायचं. १७८६ मध्ये आडनावं कायम करायचा हुकूम निघेपर्यंत असंच. आपल्याकडे गावावरून "कर" लागतं, इथे घरावरून पूर्ण आडनावच बदलायचं. सासऱ्यांचा वंश त्या दुसऱ्या लग्नातून आलेला. म्हणजे १६५४ चा तो शेतकरी रक्ताने आमचा कुणीच नाही.

आज परत करायचं झालं तर

लग्नाची नोंद पहिल्या संध्याकाळी, गावाची ट्रिप सगळ्यात शेवटी. हे इतकं उघड आहे की लिहायला लाज वाटते, पण ट्रिप मजेची असते आणि वह्या कंटाळवाण्या. दाखला काचेला लावून आधीच बघायला हवा होता, आणि जिल्ह्याची जुनी नावं, जर्मन नावं काढून मगच नकाशा उघडायला हवा होता. कुंपणाशी आलेल्या त्या आजोबांचं ऐकायला हवं होतं. मान हलवली तेव्हा ते एकटेच बरोबर होते. एक गोष्ट मात्र तशीच करेन, चूक कळल्याच्या दिवशी सांगणं. आणि एक अजूनही नीट ठरत नाही, ते १७६० चं प्रकरण वाढदिवसाच्या आधी सांगायला हवं होतं का. मी सांगितलं. नवरा म्हणतो महिनाभर थांबली असतीस तर काय बिघडलं असतं, आणि मला त्याला धड उत्तर देता येत नाही.

शेवटी काय झालं

जून महिन्यात खऱ्या ल्होतात गेलो. क्र. १४ वर आता प्रागचं एक जोडपं शनिवार-रविवार येतं, त्यांना आधी पत्र टाकलं होतं, त्यांनी अंगणात कॉफी पाजली. घर आता विटांचं आहे, लाकडी काही उरलं नाही, फक्त तळघराच्या पायऱ्या जुन्या, मधोमध झिजलेल्या. सासरे त्या पायऱ्या उतरून खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मग दिराने खाली जाऊन बघितलं तर ते भिंतीचा दगड हाताने चाचपत उभे होते, म्हणाले गार आहे, बटाटे छान राहत असतील.

पुस्तिका बारा पानांची झाली. १६५४ ची ओळ ठेवायची की काढायची यावर दीर आणि नणंद छापखान्याला फाइल जाईपर्यंत भांडत होते. दीर म्हणे तो आपला माणूस नाही, नणंद म्हणे घर तर आपलं होतं ना. सासऱ्यांनी ती ओळ ठेवली, खाली दुसऱ्या लग्नाची गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून दिली, आणि विधवेचं नाव मोठ्या अक्षरात घ्यायला लावलं, कारण त्यांच्या मते १६५४ पासून आजपर्यंतचा सगळा धागा तिच्याच हातात होता. चुकीच्या ल्होताचे वीस मग पण वाटले. एक आमच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात चमचे ठेवतो.